तहानेली होडी

कुर्र... कुर्र... असा एक आवाज मी फार पूर्वी, लहानपणी ऐकला होता. बंदरावर एक नवी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरवली होती आणि मी तिच्या कडेला कान लावून बसलो होतो. वासरू गाईला लुचताना करते ना, तसा तो आवाज. मला वाटले, आत कोणीतरी आहे. बाळांनो, आत कोणी नव्हते. कोरडे लाकूड पाणी पीत होते. तो आवाज आठवला की मला एका मुंगसाची गोष्ट आठवते. मी सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

खाडीच्या मुखापाशी दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक मुंगूस राहत असे. स्वस्थ बसणे त्याला ठाऊकच नव्हते. बिळातून काठावर, काठावरून झाडावर, झाडावरून पुन्हा काठावर. त्या वर्षी मात्र त्याच्या येरझारांना कारण होते. मागच्या पावसाळ्यात खाडीला लोंढा आला, तेव्हा त्याची थोरली बहीण एका ओंडक्यावरून वाहत गेली आणि समोरच्या खडकाळ बेटाला लागली. जीव वाचला, पण ती तिथेच अडकली. मधला प्रवाह असा ओढीचा, की पोहत जाणाऱ्याला तो सरळ समुद्रात नेई. रोज सकाळी ती बेटाच्या टोकाशी येऊन मागच्या पायांवर उभी राही, आणि अलीकडच्या काठावर मुंगूसही तसेच उभे राही. एवढीच त्यांची भेट. बेटावर खायला थोडे, निवारा त्याहून थोडा. एक पावसाळा तिने कसाबसा काढला होता. दुसरा तिला निभेल असे कोणाला वाटत नव्हते, आणि तो आता जवळ आला होता.

त्याच जंगलात एक म्हातारी साळू, म्हणजे साळिंदर, होती. तिला होडी बांधता येत असे. मुंगूस धावत तिच्याकडे गेले.

“साळूमावशी, मला होडी हवी. आजच!”

“आज लाकूड शोधू,” साळू म्हणाली.

“मग उद्या?”

“उद्या ते तासू. आणि तू ती शेपटी आपटणं थांबव बघू. सगळी धूळ माझ्या डोळ्यांत जातेय.”

साळूने दातांनी फळ्या तासल्या. आपल्याच एका काट्याने फळ्यांच्या कडांना भोके पाडली. मुंगसाने त्यांतून काथ्याची दोरी ओवून फळीला फळी शिवली. खिळा एकही नाही. गोधडी शिवावी तशी ती होडी शिवलेली होती. फटींमध्ये साळूने सावरीचा कापूस तेलात भिजवून भरला, पण अगदी हलक्या हाताने. केतकीच्या पानांचे शीड मुंगसाने स्वतः विणले. घाईघाईत ते एका बाजूला तिरके झाले.

खाडीतल्या खुंटावर एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला असे. तो म्हणाला, “काय रे मुंगसा, शीड विणलंस की निजायला चटई?”

“तू मासे खा गप्प,” मुंगूस म्हणाले.

शेवटी एका भरतीला दोघांनी होडी उथळ पाण्यात लोटली आणि तिवराच्या झाडाला बांधली. मुंगसाने आत वाकून पाहिले आणि ते किंचाळलेच. प्रत्येक फटीतून पाणी झिरपत होते.

“मावशी, होडी पाणी पितेय!”

“मग पिऊ दे की.”

“अगं, बुडेल ती!”

“एवढ्याशा पाण्यात कुठे बुडते? उन्हात वाळलेलं लाकूड आहे ते. तहानेलं आहे. पोटभर पिऊ दे. प्यालं की फुगेल, फळीला फळी भिडेल आणि फट आपली आपण मिटेल. म्हणून तर कापूस हलका भरला. त्याला फुगायला जागा नको का?”

“पण किती वेळ?”

“तिची तहान भागेपर्यंत.”

हे उत्तर मुंगसाला मुळीच आवडले नाही. खाडीवर कोणी ‘अमकी होडी पाणी पिते’ म्हटले की ती होडी वाईट, एवढेच ते जन्मापासून ऐकत आले होते. पाणी पिणारी होडी चांगली कशी असेल? पण साळू तर सुकाणूसाठी बळकट लाकूड आणायला टेकडीवर निघून गेली. जाताना म्हणाली, “मी येईपर्यंत तिला हात लावू नकोस.”

मुंगूस काठावरून होडीकडे आणि होडीवरून काठाकडे धावत राहिले. ओहोटी लागली, पाणी उतरले, होडी चिखलावर टेकली. तिच्या पोटातले पाणी फटींतून हळूहळू बाहेर गळू लागले.

“होडी की चाळण रे?” पाणकावळा म्हणाला. “बहिणीला आणायला चाललास, की समुद्र गाळायला?”

मुंगसाने समोर पाहिले. बहीण अजून बेटाच्या टोकाशी उभी होती. नेहमी ती इतका वेळ थांबत नसे. तिने होडी पाहिली असावी.

मग मात्र मुंगसाला राहवले नाही. उरलेला सगळा कापूस त्याने ओढून आणला आणि फटींत कोंबला. आणखी कोंबला. दगडाने ठोकून ठोकून बसवला. नख शिरेल एवढीसुद्धा जागा कुठे ठेवली नाही. पुन्हा भरती आली, होडी तरंगली, आणि आत थेंबही आला नाही. मुंगूस होडीभर नाचले. पाणकावळ्याने मान फिरवून दुसरीकडे पाहिले.

सकाळी साळू सुकाणू घेऊन आली. होडी कोरडी पाहून तिला आनंद झाला नाही. तिने फळीला कान लावला. आतून कर्र, कर्र असा आवाज येत होता, कोणी झोपेत दात खावेत तसा.

“काय केलंस रे?”

“फटी बुजवल्या. बघ, एक थेंब नाही.”

“काढ तो कापूस. आत्ता काढ. लाकूड बाहेरून पाणी पितंय आणि त्याला फुगायला जागा नाही. ते शिवण तोडेल.”

“काढला की पुन्हा गळेल. पुन्हा थांबा. मावशी, मतलई सुटलाय.” मतलई म्हणजे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, बेटाकडे न्यायला तोच लागतो. “आणि तिकडे ढग बघ. उद्या हा वारा मिळेल, असं सांगू शकतेस तू?”

साळूने ढगांकडे पाहिले. “नाही,” ती म्हणाली. “ते मी कशी सांगू?”

“मग मी चाललो. आक्का बघ, अगदी पाण्यापर्यंत आलीय.”

साळूने मग सुकाणू मागे अडकवून दिले, आणि वाऱ्याने होडी कलंडू नये म्हणून तळाशी चार जड दगड रचून दिले.

मुंगसाने शीड सोडले. तिरक्या शिडात वारा भरला आणि होडी निघाली. काठ मागे सरला, तिवरे लहान झाली, पाण्याचा रंग बदलला. प्रवाहाने ओढ घेतली, तसे मुंगसाने सुकाणू दाबले, आणि होडीने ऐकले! ओढीला आडवी कापत ती बेटाकडे चालली. सुकाणू काखेत धरून मुंगूस त्या दिवशी पहिल्यांदा एका जागी स्वस्थ बसले होते. बेटावरून हाक आली, “अरे, जपून! डावीकडे खडक आहे!”

“दिसला, आक्का! तू तिथेच थांब!”

तेवढ्यात टण्‌ असा आवाज झाला. काथ्याचा एक टाका तुटला होता. मग त्याच्या शेजारचा. मग भराभर सगळी शिवण उसवत गेली. शेंग तडकावी तशी होडी उघडली. एकही फळी मोडली नाही, एकीलाही साधी चीर गेली नाही. सगळ्या चांगल्या धडधाकट फळ्या एकमेकींना ढकलून सुट्या झाल्या आणि आपापल्या वाटेने वाहू लागल्या. दगड तळाला गेले. मुंगूस डोलकाठीला धरून लोंबकळले. भरती लागली होती, म्हणून ती त्याला समुद्रात न नेता खाडीत आणू लागली. जिथून ते निघाले होते तिकडेच.

“आक्का! मी परत येतो! पुन्हा बांधतो होडी!” ते ओरडत राहिले.

काठाच्या चिखलात साळूने त्याला ओढून घेतले. ते म्हणाले, “मावशी, फळ्या गोळा करू. आज शिवू, उद्या निघू.”

“शिवू,” साळू म्हणाली. “फळ्या सापडल्या तर नक्की शिवू. पण वारा फिरला बाळा. आता पावसाळा संपल्यावर.”

खरेच वारा फिरला होता. समुद्रावरून ओलसर झोत येत होते आणि प्रवाहात पांढरा फेस उठत होता. बेटाच्या टोकाशी बहीण अजून मागच्या पायांवर उभी होती. भाऊ काठाला लागला, उठला, त्याने अंग झटकले, एवढे तिने पाहिले. मुंगसाने पुन्हा हाक मारली. ती पुढचे पाय खाली टेकून वळली आणि खडकांमध्ये निघून गेली.

तात्पर्य : मायेपोटी केलेली घाईही शेवटी घाईच असते. जी फट आपोआप मिटणार आहे, ती बळाने बुजवू नये.