पुढची खाच

“मग घेत का नाही तुम्ही ती?”

असंच काहीसं खांबेटेसर म्हणाले होते. की “नको का म्हणता?” असं म्हणाले होते? आता ते खात्रीने सांगत नाहीत. वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे. तो दिवस त्यांनी मनात इतक्यांदा घोळवला आहे की त्यात मूळचं किती आणि घोळवताना चिकटलेलं किती, याचा त्यांचा त्यांनाच भरवसा वाटत नाही. ऊन होतं, हे नक्की. चैत्र असावा. आणि दस्तगीरबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते, हेही नक्की.

“घेत न्हाई असं कुठं म्हनलो?” बाबा म्हणाले. “इचारलं फकस्त. कशापायी देताय?”

खाली, पायऱ्यांशी गाडी उभी होती. जुनी, करड्या रंगाची मर्सिडीज. डॉक्टर विश्वंभर खांबेटे तरुणपणी स्टुटगार्टला इंजिनांचं शास्त्र शिकायला गेले होते. परत येताना त्यांनी ती बोटीतून आणली आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात शिकवून निवृत्त होईपर्यंत, एकतीस वर्षं, तीच चालवली.

शिरवळच्या पलीकडे डोंगरावर हा लहानसा दर्गा. दस्तगीरबाबांनी बावीस वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डिझेल फिटरचं काम केलं होतं. एके दिवशी पाना खाली ठेवला आणि ते इथे येऊन बसले. का, ते कुणाला सांगितलं नाही. लोक त्यांच्याकडे आपापली दुखणी घेऊन येत. सर गाडी घेऊन आले होते.

“वर वस्त्या आहेत,” सर म्हणाले. “कुणी आजारी पडलं तर खाली दवाखान्यात न्यायला उपयोगी पडेल.”

“ते आमच्यापायी झालं. तुमच्यापायी?”

सरांच्या पत्नीला, कमलिनीबाईंना, जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून त्या गाडीत बसलं की शेजारची रिकामी सीट त्यांच्याकडे बघत राही. संध्याकाळच्या आत ती गाडी डोळ्यांपुढून जायला हवी होती. एवढंच मागणं घेऊन ते डोंगर चढले होते. पण हे एका परक्या माणसाला कसं सांगायचं?

तेवढ्यात जैनबी चहा घेऊन आली. दर्ग्यातला स्वयंपाक तीच बघायची. कप ठेवून ती खाली उतरली आणि गाडीभोवती एक फेरी मारून आली.

“या बया! चाक ह्या अंगाला? गाडी उलटी का सायेब उलटं?”

“जर्मनीत चाक डावीकडेच असतं.”

“मंग बाईमाणूस डायवरच्या जागी बसायचं?”

“हो.” सरांना हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. “रस्त्यात लोकांना वाटायचं, बाईच चालवतायत. पोरं तिला हात करायची. तीही करायची…”

हसू तिथेच विरलं.

“कशापायी देताय?” बाबांनी पुन्हा विचारलं.

“ही साधी गाडी नाही, बाबा.”

सरांचं असंच होई. दुखऱ्या जागेवर कुणी बोट ठेवलं की ते इतिहासात शिरत. तिथे त्यांना सगळ्या वाटा ठाऊक होत्या.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. अठराशे शहाऐंशी साली बेंझ नावाच्या माणसाने तीन चाकांवर इंजिन बसवून त्याचं पेटंट घेतलं. त्याच काळात थोड्याच अंतरावर डाइमलर नावाचा दुसरा माणूस असाच झपाटून काम करत होता. पुढे दोघांच्या कंपन्या एक झाल्या. मर्सिडीज हे नाव एका व्यापाऱ्याच्या मुलीचं. त्या पोरीने गाडीचा एक स्क्रूही आवळला नव्हता, पण नाव तिचं लागलं. नाकावरच्या चांदणीला तीन टोकं. जमीन, पाणी, आकाश.

“दार लावून बघा,” सर म्हणाले. ते पायऱ्या उतरले आणि त्यांनी स्वतःच दार लावून दाखवलं.

थप्प.

“ऐकलंत? बर्फ पडत होता तेव्हा स्टुटगार्टमध्ये. पहिल्यांदा हा आवाज ऐकला आणि ठरवलं, घेईन तर हीच. दोन हिवाळे एकाच कोटावर काढले मी या आवाजासाठी.”

बाबाही खाली आले होते. त्यांनी दार उघडून लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

“दार बेस हाय,” ते म्हणाले.

सरांना ते पुरेसं वाटलं नाही.

“आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर पुढेच आहे. बेंझच्या बायकोची.”

ही त्यांची लाडकी गोष्ट. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना ते ती सांगत. कॉलेजच्या समारंभात सांगत, रोटरीत सांगत. टाळ्या पडत. कमलिनीबाई पहिल्या रांगेत बसलेल्या असत.

“नवऱ्याने गाडी केली, पण विकत कोण घेणार? लोक घाबरायचे. तो आत प्रयोगच करत बसला होता. मग एका पहाटे बर्था उठली. दोन मुलांना घेतलं, गाडी बाहेर ढकलत नेली, आणि निघाली माहेरी. शंभरावर किलोमीटर! इतक्या लांब तोवर जगात कुणी मोटार नेली नव्हती.”

“नवऱ्याला इचारून?”

“नाही. चिठ्ठी ठेवून.”

“बरं…”

“वाटेत इंधन संपलं, ते तिने औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. पोचल्यावर घरी तार केली. पोचले.”

“नवरा काय म्हनला?”

“ती परत आल्यावर तिने सांगितलं, चढाला आणखी एक गिअर हवा. त्याने तो बसवला.”

“म्हंजी ऐकलं तिचं.”

“ऐकलं. म्हणून तर ही कंपनी उभी आहे, बाबा! त्या बाईने गाडी चालवली नसती तर…”

“तुमच्या मंडळींनी कधी मागितली?”

सर थांबले.

“काय?”

“गाडी. चालवायला.”

वारा होता का तेव्हा? सरांना आठवतं, दर्ग्यावरचं हिरवं निशाण फडफडत होतं. पण ते कदाचित नंतर.

“एकदा,” सर म्हणाले. “फार पूर्वी.”

“मंग?”

“मी म्हणालो… ही शिकायची गाडी नाही.”

बाबांनी लसणाचे हात लुंगीला पुसले आणि डावीकडचं दार उघडून ते चाकामागे बसले.

“हितं कोन कोन बसतंय?”

“मी.”

“आनि?”

“कुणीही नाही.” सरांचा आवाज ताठ झाला. या एका बाबतीत त्यांना स्वतःबद्दल कधीच शंका आली नव्हती. “एकतीस वर्षांत या जागेवर दुसरं माणूस बसलेलं नाही. मेकॅनिकसुद्धा नाही. गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी मीच नेतो, मीच काढतो. सीटची जागासुद्धा कधी बदललेली नाही.”

“कधीच न्हाई?”

“कधीच नाही.”

बाबा खाली उतरले. दारात गुडघे टेकून त्यांनी मान सीटखाली घातली. बराच वेळ ते तसेच होते. जुना फिटर कान देऊन इंजिन ऐकतो, तसे. मग बाहेर आले.

“साहेब, चश्मा हाय न्हवं? बघा जरा. जिच्यावर सीट मागंफुडं सरकती, ती पट्टी.”

सर वाकले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

लोखंडी पट्टीवर ओळीने खाचा होत्या. त्यांत जर्मनीतलं मूळचं ग्रीस वाळून डांबरासारखं घट्ट बसलेलं. त्यावर एकतीस वर्षांची धूळ. शेवटची, मागची खाच तेवढी मोकळी. ती सरांची. ते सहा फुटांचे. पहिल्या दिवशी त्यांनी सीट मागे नेली होती ती तिथेच…

“बोट फिरवा. फुडं या.”

सरांनी बोट पुढे नेलं. धूळ. धूळ. चिकट, कठीण ग्रीस.

आणि मग बोट घसरलं.

पुढून दुसरी खाच. स्वच्छ. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ऊन पडलं तशी ती चकाकली.

एकदा-दोनदा सरकवून लोखंड असं झिजत नाही. हे सरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. झीज हा विषय त्यांनी तीस वर्षं शिकवला होता.

“बाईंची उंची किती वो?” बाबांनी हळूच विचारलं.

…

“चार फूट अकरा इंच.”

जैनबी कप उचलायला आली होती. ती तशीच उभी राहिली.

सर दर गुरुवारी पहाटेच्या रेल्वेने मुंबईला शिकवायला जात. असं अठरा वर्षं चाललं. रात्री परत येत. गाडी दिवसभर घरी असे. आणि दर महिन्याला मीटर त्यांच्या वहीतल्या आकड्यापेक्षा चाळीस-पन्नास किलोमीटर पुढे दिसे. आपण नोंद करायला विसरतो, असं त्यांना वाटे. विसराळूपणाची त्यांना धास्तीच बसली होती. त्यासाठी त्यांनी ब्राह्मीचं चूर्ण सुरू केलं होतं. ते रोज रात्री दुधातून कमलिनीबाईच देत. “घ्या,” म्हणत. “डोक्याला चांगलं असतं.”

दर गुरुवारी तिने सीट पुढे ओढली होती. आणि दर गुरुवारी, ते यायच्या आत, बरोबर त्यांच्या खाचेत परत नेऊन ठेवली होती.

सर जमिनीवरच बसले.

“कुठे जात असेल ती?”

बाबांनी खांदे उडवले.

“मला सांगितलं का नाही? त्या बर्थाने निदान चिठ्ठी तरी…”

“चिठ्ठी वाचनाऱ्याला लिवत्यात, साहेब.”

जैनबीने पदर तोंडाशी नेला. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक घाट चढत गेला. त्याचा आवाज येत राहिला, मग तोही गेला.

“आता तरी घ्या,” शेवटी सर म्हणाले. त्यांनी किल्ली पुढे केली. “आता तर मला ती नेताच येणार नाही. पाया पडतो बाबा. ठेवून घ्या.”

“सकाळी आला असता तर घेतली असती.”

“सकाळीच तर आलोय मी.”

“खाली वाकायच्या आदी म्हनतोय.” बाबांनी किल्ली त्यांच्या मुठीत परत दाबली. “दान आपल्या वस्तूचं करत्यात. ही तुमच्या एकट्याची न्हाई.”

“पण ती नाही आता!”

“म्हनून तिची वस्तू वाटून टाकायची?”

आयुष्यभर सरांनी प्रश्न विचारले होते आणि उत्तरं फळ्यावर लिहिली होती. आज हाताला खडू लागत नव्हता.

बाबा पुन्हा गाडीत वाकले. सीटखालचा खटका ओढला आणि सीट दोन्ही हातांनी पुढे रेटली. धूळ भरलेल्या खाचांवरून ती कुरकुरत गेली आणि पुढून दुसऱ्या खाचेशी आली. तिथे मात्र ती अलगद बसली. जणू वाट बघत होती.

“बसा.”

“बाबा, इतक्या पुढे?”

“बसा म्हनतोय.”

सर कसेबसे आत शिरले. गुडघे चाकाला टेकले. डोकं छताला. हात कोपरात दुमडलेले. समोरची काच एकदम जवळ आली होती. तिच्यातून डोंगर, रस्ता, निशाण, सगळं वेगळंच दिसत होतं. इतकं जवळून त्यांनी जग कधी पाहिलं नव्हतं. ती पाहत होती.

त्यांना रडू फुटलं. माणसं आत कोंडलेलं रडतात तसं, आवाज न करता.

बाबांनी दार लावलं. थप्प.

“गुडघे अडतायत, बाबा,” काही वेळाने सर म्हणाले. “क्लच दाबता येत नाही. मागे घेऊ?”

बाबा ओट्याकडे वळले होते. ते वळून म्हणाले,

“तिचं पाय पोचत न्हवतं तवा कुनाला इचारलं होतं तिनं?”

•

गाडी घेऊन घरी परतल्यावर सरांनी कमलिनीबाईंची कपाटं पाहिली, पर्स पाहिल्या, देवघराचे कप्पेसुद्धा पाहिले. गाडी चालवायचा परवाना कुठे सापडला नाही. मग शंका यायला लागली. खाचेचं काही भलतंच कारण असेल. आपणच मनाचं रचत असू. आरटीओत जाऊन विचारणं सोपं होतं. पण नोंद नसली तर ती पुन्हा एकदा जाणार होती. आणि असली तर… दोनदा ते फाटकापर्यंत जाऊन परत आले.

चार वर्षं गेली. एका भाद्रपदात ते आरटीओच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि नाव लिहिलेला कागद आत सरकवला. आतली मुलगी संगणकावर बराच वेळ शोधत होती.

“आहे, काका. कमलिनी विश्वंभर खांबेटे. एकोणीसशे शहाऐंशीचं आहे. वेळच्या वेळी रिन्यू केलंय त्यांनी.”

“शेवटचं कधी?”

मुलीने तारीख सांगितली. सरांनी मनात मागे मोजलं. कमलिनीबाईंची दुसरी केमोथेरपी झाली होती, त्यानंतरचा चौथा दिवस.

“म्हणजे पाच वर्षांची मुदत,” मुलगी म्हणाली, आणि पडद्यावर बोट ठेवून तिने पुन्हा एकदा पाहिलं. “चालू आहे, काका. अजून एकोणीस दिवस.”