मेघमल्लाने दोर कापला

कितीएक वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथली माणसं घायपाताच्या वाखाचा, म्हणजे पानांतल्या धाग्यांचा, दोर वळायची. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने दोराचं टोक धरून मागे मागे सरकायचं. भार लटकत असताना दोर कापणं, याहून मोठं पाप त्या गावाला ठाऊक नव्हतं.

दर वर्षी सुगीनंतर एक म्हातारा कथेकरी येई आणि सात दुपारी मिळून एक कथा सांगे. लोकांचे हात दोरावर असत आणि कान कथेत. जो दोराचं टोक धरील त्याने ‘हं’ म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला, की कथेकऱ्याने ती कथा तिथेच सोडायची आणि पुन्हा जन्मात तोंडावर आणायची नाही, अशी रीत होती.

त्या वर्षी टोक एका म्हातारीच्या हातात होतं. चाकावर एक अबोल माणूस होता. नऊ वर्षांपूर्वी म्हातारीचा लेक याच माणसाबरोबर कड्यावर मध काढायला गेला आणि परत आला नाही. दोर तुटला, असं गावाने तिला सांगितलं. तेव्हापासून ती दोघं एकाच दोराच्या दोन टोकांना उभी राहत, पण एकमेकांशी बोलत नसत.

कथेकऱ्याने मेघमल्ल वीराची कथा काढली. ती त्याच्या गुरूने त्याला मरताना दिली होती. मेघमल्ल ढगांवरून चालला, आगीच्या नदीत न्हाला. लोक तोंडाचा आ करून ऐकत. पाचव्या दुपारी मेघमल्ल पाताळातून पाण्याचा घडा घेऊन वर चढू लागला. सारं राज्य तहानेलं होतं. खाली त्याच दोराला त्याचा जिवलग मित्र लटकत होता आणि मित्राच्या खालून सात फण्यांचा नाग वर येत होता.

“आणि मेघमल्लाने दोर कापला,” कथेकरी म्हणाला.

चाक थांबलं. मग एकच गलका झाला.

“हा कसला वीर? भेकड मेला!”

“भात्यात बाण होते ना, मारायचे होते नागाला!”

“अहो बुवा, दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्याला वाऱ्यावर चालायच्या वहाणा दिल्या होत्या. त्या कुठे गेल्या?”

कथेकऱ्याने डोकं खाजवलं. “वहाणांचं मी विसरलो खरा,” तो हळूच म्हणाला. “तेवढी चूक माझी. पण दोर त्याने कापला, तो माझा विसर नाही.”

“आमच्या गावात ही कथा चालायची नाही,” पाटील म्हणाले. “उद्या मित्र कमळावर पडला म्हणा. नाहीतर दोर तुटला म्हणा.”

“आपला दोर कधी तुटतो का, पाटील?” कुणीतरी बोलून गेलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“मित्र वाचला नाही तर हुंकार मिळणार नाही,” पाटलांनी ठरवून टाकलं.

दिवस मावळायच्या आत चाकावरचा माणूस ओढ्यावर कथेकऱ्याला गाठायला गेला.

“बुवा, मित्राला वाचवा. मला ऐकवत नाही.” त्याला धाप लागली होती. “कड्यावरची मेख उपटून येत होती. दोघंही गेलो असतो. मी माझ्या खालचा दोर कापला. माझ्याजवळ तर पाण्याचा घडाही नव्हता, नुसता माझा जीव होता. पाटील म्हणाले, तुटला म्हणू. मी मान डोलावली.”

कथेकऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“त्याला वाचवलं, तर तू एकटा उरशील रे,” तो म्हणाला. “आत्ता निदान मेघमल्ल तरी तुझ्या सोबतीला आहे.”

सहाव्या दुपारी सारं गाव जमलं. आज गुरूची कथा जाणार, हे कथेकऱ्याला कळत होतं. त्याने डोळे मिटले.

“मित्र वाचला नाही,” तो म्हणाला. “मेघमल्लाने दोर कापला.”

पाटलांनी म्हातारीकडे बघून नकाराची मान हलवली. म्हातारीने दोर घट्ट धरला.

“हं,” ती म्हणाली.

कथेकरी पुढे सांगू लागला. “राज्याला पाणी मिळालं. राजाने हत्ती पाठवला. मेघमल्ल हत्तीवर बसला नाही. तो चालत मित्राच्या घरी गेला आणि त्याच्या आईला म्हणाला, दोर मी कापला.”

“मग? आई काय म्हणाली?” म्हातारीने विचारलं.

“ते माझ्या गुरूलाही ठाऊक नव्हतं, बाई. कथा इथे गप्प होते.”

“मी सांगते,” म्हातारी म्हणाली. “ती म्हणाली, एवढ्याशा अंगणातून उंबऱ्यापर्यंत यायला नऊ वर्षं लावलीस होय रे?”

चाकावरच्या माणसाने चाक सोडलं. पाय ओढत तो त्या लांबलचक दोराच्या कडेने चालत आला आणि म्हातारीसमोर बसला.

“मावशी, दोर तुटला नव्हता.”

“ठाऊक आहे. तुटलेल्या दोराचे तंतू लांब-आखूड होतात. तू परत आणलास त्या दोराचं टोक सुरीने कापल्यासारखं सरळ होतं. जन्मभर दोर वळतेय मी, मला फसवता?”

“मग त्याच दिवशी का नाही बोललात?”

“ते तू सांगायचं होतंस.”

“मला माफ कराल?”

“ते मलाच अजून कळलेलं नाही.” तिने दोर खाली ठेवला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. “पण शेवटी माझा लेक काय बोलला, ते या जगात एकट्या तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं मी त्याचीच वाट बघतेय. सांग.”

तो म्हणाला, “खालून ओरडला, केवढं मोठं पोळं आहे, आई खूश होईल. हसत होता, मावशी.”

म्हातारीने डोळे मिटले आणि ते हसू ऐकत राहिली. आयुष्यभर कथा सांगत आलेल्या त्या कथेकऱ्याने दोन्ही हात जोडले. इतकी मोठी कथा त्याने कधी ऐकली नव्हती.

तात्पर्य एवढंच: चूक झाकून कुणी वीर होत नाही. ज्याचं दुःख आहे त्याच्या दारी जाऊन खरं सांगावं, कारण तो कदाचित त्याचीच वाट पाहत असतो.