डोंगरावरचा फिका चहा

जहाजं शिडांवर चालत असत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांना सवड असेल तर त्यांनीही ऐकावी.

समुद्रात सिंहलद्वीप नावाचं एक हिरवंगार बेट होतं. तिथे एक राजा राज्य करत होता. त्याच्या राज्यात तीन खोरी होती आणि तिन्ही खोऱ्यांत चहा पिकत असे. एक खोरं खाली समुद्राजवळ, एक मध्यावर आणि एक पार वर, जिथे ढग अडतात त्या डोंगरावर.

राजाचं लग्न झालं. राणी आली दूरच्या कोरड्या मुलखातून. तिच्या माहेरी सगळे ताक पीत. चहा तिने कधी चाखलाही नव्हता.

राज्यात एक जुनी रीत होती. नवी राणी आली, की तिने तिन्ही खोऱ्यांचा चहा चाखायचा आणि सर्वांत चांगला कोणता ते सांगायचं. बेटावर जन्मलेला माणूस आपल्याच खोऱ्याचं कौतुक करणार. परमुलखातून आलेली राणी कुणाची बाजू घेणार नाही, असा त्यामागचा विचार. राणी जो चहा निवडेल तो राजाच्या जहाजांतून देशोदेशी जायचा.

दिवस ठरला, दरबार भरला. तिन्ही खोऱ्यांचे कारभारी आपापली सुटी पत्ती घेऊन आले. राणीपुढे पांढऱ्या वाट्या मांडल्या गेल्या. दूध नाही, गूळ नाही, नुसता कोरा चहा.

राणी मनातून घाबरली होती. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत, आणि आपल्याला यातलं काहीच कळत नाही! पण तसं सांगायची तिला लाज वाटली.

तिने पहिली वाटी उचलली. ती समुद्राकाठच्या खोऱ्याची होती. चहा काळसर तांबडा, वास काकवीसारखा दाट. घोट घेताच जीभ जागी झाली. "वा!" म्हणत राणीने वाटी संपवली आणि आणखी एक मागून घेतली. मग मधल्या खोऱ्याचा चहा घाईघाईने प्यायली. शेवटी आली डोंगरावरची वाटी. रंग फिका, सोनेरी. राणीने घोट घेतला. काहीच लागलं नाही. तिने आणखी एक घोट घेतला.

"हे तर नुसतं गरम पाणी आहे!" ती हसून म्हणाली.

सगळा दरबार हसला. समुद्राकाठचा कारभारी सर्वांत मोठ्याने हसला. डोंगरावरचा कारभारी अबोल माणूस होता. त्याने हात जोडले, पत्तीची पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

जहाजं भरली आणि गेली. राणी ती गोष्ट विसरूनही गेली. पुढे एकदा जेवताना राजा सहज म्हणाला, "डोंगरावरची माणसं चहाची झाडं उपटताहेत म्हणे."

"का बरं?"

"गरम पाणी कोण विकत घेणार? आता तिथे खालच्या खोऱ्यातली रोपं लावायची म्हणतात. त्या थंडीत ती जगायची नाहीत, पण ऐकतंय कोण?"

राणीचा घास हातातच राहिला. "पण मला जे वाटलं, तेवढंच मी बोलले."

"तू बोलली असतीस तर गोष्ट वेगळी होती," राजा म्हणाला. "त्या दिवशी राणी बोलली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच राणी एका दासीला घेऊन डोंगराकडे निघाली. अर्ध्या वाटेत मेणा सोडावा लागला. पुढची चढण निसरडी होती. काही खायचं तिला सुचलं नाही. झऱ्याचं पाणी तेवढं ती प्यायली.

वर पोहोचली तेव्हा कारभाऱ्याची बायको अंगणात बसली होती. तिने राणीला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दमून आलेल्या माणसाला आधी बसवायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने चटई टाकली, पाणी उकळलं, पत्तीवर ओतलं आणि झाकण ठेवलं.

झाकण निघालं, तसा वाफेबरोबर वास आला. लिंबाची साल नखाने खरवडावी तसा ताजा, आणि त्यामागे कुठल्याशा रानफुलाचा. राणीने घोट घेतला. जिभेच्या कडेला हलकेच चुणचुण झाली, आणि घोट गिळल्यावर एक नाजूक गोडी कितीतरी वेळ तोंडात रेंगाळत राहिली.

"हा कोणता चहा?" तिने विचारलं.

"तेच गरम पाणी, राणीसाहेब," बाई म्हणाली.

राणीने मान खाली घातली. ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या तोंडात दुसऱ्याच चहाची चव होती. तोंड न धुता मी तुमचा चहा प्यायले, आणि समजले की तुमच्या चहालाच चव नाही."

बाईने उताराकडे बोट दाखवलं. अर्धा उतार उघडा पडला होता. नुसती लाल माती. कारभारी आणि त्याची माणसं कुदळी घेऊन उरलेल्या झाडांपाशी उभी होती.

"थांबा!" राणी धावत जाऊन म्हणाली. "माझं चुकलं."

कारभाऱ्याने कुदळ खाली ठेवली. "राणीसाहेब, तुमचं हसणं सगळ्या दरबाराने ऐकलं. चुकलं हे इथे झाडांना सांगून काय होणार?"

राणी तिथली थोडी पत्ती घेऊन त्याच पावली परतली आणि तिने दरबार बोलवायला सांगितलं. प्रधान तिला समजावू लागला, "राणीसाहेब, एकदा चूक कबूल केलीत, की पुढे तुमचा शब्द कुणी मानणार नाही." राणीने राजाकडे पाहिलं. राजा म्हणाला, "शब्द तुझा आहे. ठेवायचा की परत घ्यायचा, तूच ठरव."

दरबार भरला. राणी उभी राहिली आणि म्हणाली, "मी नवखी होते. मला कळत नाही, हे सांगायला लाजले आणि न कळताच निवाडा केला. डोंगरावरचा चहा गरम पाणी नाही. तो माझा शब्द मी परत घेते."

समुद्राकाठचा कारभारी ताडकन उठला. "म्हणजे आमचा चहा वाईट?"

"मुळीच नाही. झोप उडवायची असेल तर मला तुमचाच लागेल. मधल्या खोऱ्याचा तर मी त्या दिवशी नीट चाखलाच नाही. पण आधी तोंड धुवा, आणि हा डोंगरावरचा पिऊन बघा."

कारभाऱ्याने नाइलाजाने चूळ भरली आणि वाटी तोंडाला लावली. ती त्याने लवकर खाली ठेवली नाही. "इतकी वर्षं शेजारी राहतो," तो हळूच म्हणाला, "पण हा मी कधी प्यायलोच नव्हतो."

पुढच्या खेपेपासून तिन्ही खोऱ्यांचा चहा वेगवेगळ्या पेट्यांतून जहाजांवर चढू लागला. उपटलेली झाडं मात्र परत आली नाहीत. नवी रोपं पत्ती द्यायला लागेपर्यंत बरीच वर्षं गेली. तोवर डोंगरावर राजवाड्याच्या कोठारातून धान्य जात राहिलं, तरी तो उघडा उतार दिसला की राणीचा चेहरा उतरायचा. प्रधानाचा अंदाज मात्र चुकला. लोक आपले तंटे राजाऐवजी राणीकडे आणू लागले. कारण एकाचं ऐकून झालं की ती जरा वेळ शांत बसायची, आणि मगच दुसऱ्याला बोलायला सांगायची.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: एकाची चव तोंडात असताना दुसऱ्याची पारख करू नये.