उन्हातल्या चपला

चपला बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका तहसील कचेरीत माणसं लिंबाच्या सावलीत बसत आणि खिडकीपुढच्या रांगेत त्यांच्या चपला उन्हात नंबर धरत. एके दिवशी तिथे टोकन देणारं आणि नंबर पुकारणारं यंत्र आलं.

"सुटलो गं बायांनो!" गोदाक्कांची झिजलेली चप्पल ओरडली.

पण माणसांनी टोकन घेतलं, चपलेखाली दाबून ठेवलं आणि पुन्हा सावली गाठली. चपला उन्हातच!

"माझ्यावर विश्वासच नाही कुणाचा?" यंत्र चिडलं.

"तुझा आवाज कुठे जातो ते बघ की जरा!" चप्पल म्हणाली.

यंत्राने बघितलं. उद्घाटनाला साहेबांना नीट ऐकू जावं म्हणून त्याचा कर्णा केबिनकडे लावला होता, तो तसाच राहिला होता.

"साहेब, माझं तोंड झाडाकडे फिरवा!" यंत्राने थेट साहेबांनाच सांगितलं. साहेब क्षणभर गोरेमोरे झाले, मग स्वतःच स्टुलावर चढले.

"टोकन नंबर सात!" लिंबाखाली आवाज घुमला. गोदाक्का दचकून उठल्या. "अगं बाई, माझाच की!"

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे नुसतं ऊन होतं. चपला सावलीत, आपापल्या माणसाच्या पायाशी गप्पा मारत बसल्या होत्या. आणि नंबर पुकारला, की माणसाआधी चप्पलच उठायची!