पोवळ्याचे दोन दिवे

दिव्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका दिवाणखान्यात काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचा छोटासा समुद्र होता आणि त्यात खडकाला चिकटून एक पोवळं राहत होतं. वर दोन दिवे टांगलेले होते, एक पांढरा आणि एक निळा. पोवळं सांगेल तो दिवा पेटायचा.

"माझ्या उजेडात तू कसं लख्ख दिसतंस," पांढरा म्हणायचा. पोवळ्याला ते पटायचं. "माझ्या उजेडात तुझा रंग खुलतो," निळा म्हणायचा. तेही पटायचं. शेजारच्या कोळंबीला निळा आवडे, शंखातल्या खेकड्याला पांढरा. पोवळ्याला कोणाचंच मन मोडवेना. सकाळी एक, दुपारी दुसरा, असं चाललं होतं.

पण एक कोडं त्याला सुटेना. सगळे छान दिसतंस म्हणतात, मग अंगाचा रंग का उडतोय आणि पोट का भरत नाही? त्याने कोळंबीला विचारलं, खेकड्याला विचारलं. दोघांनी दोन दिवे सांगितले.

शेवटी पोटातूनच आवाज आला. तिथे शेवाळाच्या हिरव्या कणांचं बिऱ्हाड होतं. "मालक, उजेडाचं जेवण रांधून तुम्हाला वाढतो ते आम्ही. आमच्यातले निम्मे कंटाळून निघून गेले, तुमचा रंगही सोबत घेऊन."

"मग तुम्हीच सांगा, कोणता दिवा लावू?"

"कोणताही लावा, पण एकच ठेवा. चूल पेटते न पेटते तोच तुम्ही सरपण बदलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यांनी विचारलं, "आज कोण?"

"कालचाच," पोवळं ठामपणे म्हणालं, आणि मग विचारात पडलं. काल तर दोघेही होते.