पाटलाची काठी

कुरणवाडी नावाच्या एका गावात सुभानराव नावाचा एक पाटील होता. तिथल्या बाजाराचा रिवाजच होता, पाटलाची काठी ज्या मालाला टेकली तो माल पाटलाचा. काठी वांग्यांना टेकली की वांगी पाटलाच्या घरी, मडक्याला टेकली की मडकं पाटलाच्या घरी. लोक हसून द्यायचे. सुभानरावाला वाटायचं, वा, काय मान आहे आपला! हसताना लोकांचे डोळे कुठे बघतात, हे काही त्याने कधी पाहिलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी ठकूबाई धनगरीण नवी घोंगडी मांडीवर घेऊन बसली होती. लेक बाळंत झालेली, तिच्या गावचा माणूस आला की त्याच्या हाती पाठवायची होती. नेमकी काठी त्याच घोंगडीला टेकली! ठकूबाई हसली आणि घोंगडी देऊन मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाटलाच्या ओसरीवरून घोंगडी गायब. शोधाशोध झाली, ती ठकूबाईच्या झोपडीत सापडली.

"पाटलाच्या घरी दरोडा!" सुभानराव कडाडला. "दरोडेखोराला शिक्षा एकच. नेसत्या कपड्यानिशी गावाबाहेर!"

परगण्याचे न्यायाधीश आले. सारा गाव चावडीपुढे जमला. ठकूबाईला एकच घोर होता, म्हातारपणी जायचं कुठे?

न्यायाधीशांनी विचारलं, "पाटील, हिने कडी तोडली? भिंत फोडली?"

"नाही. ओसरी उघडीच असते."

"मग ही घरफोडी नाही. कुणाला धाक घातला?"

"घरात सगळे झोपले होते."

"मग दरोडाही नाही."

सुभानरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग दरोडा म्हणतात तरी कशाला?"

"धाक घालून दुसऱ्याची वस्तू नेणं. मालकाने भीतीपोटी आपल्या हाताने उचलून दिली, तरी तो दरोडाच. आता राहिली चोरी. चोरी व्हायला वस्तू तुमची हवी. घोंगडी तुमची कशी झाली?"

"माझी काठी टेकली, हिने दिली. हसत दिली, विचारा कुणालाही!"

न्यायाधीश ठकूबाईकडे वळले. "बाई, खुशीनं दिलीस?"

ठकूबाईने हात जोडले. "गेल्या साली भिवा कुंभार न्हाई म्हनला, सायेब. दुसऱ्या दिशी त्याची समदी मडकी फुटली. तवापासनं आमी समदी हसतोय."

सुभानराव बसल्या जागी गार पडला. भिवाला जरा अद्दल घडवा, असं तो गड्यांना म्हणाला होता खरा. आणि नंतर ते विसरूनही गेला होता! त्याने गावाकडे पाहिलं. तेली, माळी, कासार, सगळे ओळखीचे चेहरे. आज एकही हसत नव्हता. अरे देवा! म्हणजे इतकी वर्षं हा मान नव्हताच? ही भीती होती?

न्यायाधीश म्हणाले, "ठकूबाईने आपलीच वस्तू परत नेली. ती चोर नव्हे. दरोडेखोर मात्र सापडला आहे. त्याची शिक्षा काय, ते पाटील, तुम्हीच मघाशी ओरडून सांगितलंत."

सुभानरावाने काठी चावडीच्या भिंतीला टेकवली आणि तो नेसत्या कपड्यानिशी निघाला. गार वारं सुटलं होतं. वेशीपाशी ठकूबाई उभी होती. आता ही दगड मारणार, म्हणून त्याने मान खाली घातली. तर तिने घोंगडी त्याच्यापुढे धरली.

"घ्या पाटील, थंडी हाय. लेकीला दुसरी विणीन."

"मला? मला का देतेस, बाई?"

"आज तुमच्या हातात काठी न्हाई, म्हून देते."

सुभानरावाने दोन्ही हात पुढे करून घोंगडी घेतली.

तात्पर्य: ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याने हसत दिलं तरी ते देणं नव्हे, ते घेणारा दरोडेखोरच.