तळ्याचं पाणी गेलं कुठे?

फार पूर्वी एका सागाच्या रानात एकच तळं होतं आणि एका उन्हाळ्यात तेही झपाट्याने आटू लागलं. टिटवी रानभर ओरडत सुटली, "मुखिया गवाच चोरून तळं पितोय!" गवा भडकला. त्याने रानातले तंटे सोडवणाऱ्या म्हाताऱ्या हत्तिणीपुढे टिटवीविरुद्ध फिर्याद मांडली.

निवाडा ऐकायला सगळं रान जमलं. "काही केलं नसेल, तर एवढा चिडतो कशाला?" माकड म्हणालं. "टिटवीची चोचच बांधा," ससा म्हणाला.

चिंगी खारीला मात्र वेगळाच प्रश्न पडला. "पण पाणी जातं तरी कुठे?"

"गप गं! आधी कोण हरतंय ते बघू," माकड खेकसलं.

चिंगीला राहवेना. ती तळ्याकडे पळाली आणि सगळा काठ हुंगत फिरली. काठाखाली खेकड्यांनी बिळं पाडली होती, त्यांतून पाणी पलीकडच्या कोरड्या ओढ्यात वाहून वाळूत जिरत होतं. ती धापा टाकत परतली. "पाणी बिळांतून जातंय! चला लवकर!"

हत्तिणीने निकाल सांगायला सोंड उचलली, तेव्हा समोर कुणीच नव्हतं. तळ्यावर गवा खुरांनी चिखल दाबत होता आणि टिटवी एकेक बीळ आधी स्वतः डोकावून पाहून मगच त्याला हाक मारत होती.